केराबाईचं नाव

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही असताना जे बोलायला हवं होतं, ते आता लिहायला बसलेय. उशीर करण्यात मी पहिल्यापासून पटाईत, हे तुम्हाला माहीतच आहे.

मोठ्या दुष्काळाचं ते वर्ष. मी नववीत होते आणि शाळेच्या हस्तलिखितात पहिली गोष्ट माझीच यावी म्हणून जिवाचं रान करत होते. गोष्ट शंभर वर्षांनंतरच्या एका शहराची. तिथं पाणी सरकारच्या कुलपात, माणसांनी काय बोलायचं तेही वरून ठरून येणार. मला सगळ्यात अभिमान होता तो नावांचा. राज्य करणारे सूर्यकांत, तेजस्विनी, प्रतापराव; आणि खाली राबणारे, विचार करायचं विसरलेले, ते धोंडू, दगडू, केरा. सत्ता ज्यांना कचरा समजते त्यांना दगडधोंड्यांची, केरकचऱ्याचीच नावं. वाचणाऱ्याला न सांगता कळावं, ही माझी हुशारी. तुम्ही वही वाचलीत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "लिहिलंयस झकास. रविवारी खडीच्या कामावर ये. वही घेऊन ये."

दर रविवारी तुम्ही सायकल मारत तिथं जायचात, हे मला तेव्हा कळलं. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची पत्रं लिहून द्यायला. त्यांच्या घरची माणसं ऊसतोडीला देवळाली प्रवरेकडं गेलेली, त्यांना खुशाली कळवायची. ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. कामावर खायला मिळणारी सुकडी वाटून झालीय, बायका बाभळीखाली टेकल्यात, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तुम्ही शेवटचं पत्र संपवता आणि म्हणता, "आता ही पोरगी गोष्ट वाचंल, ऐका." मी ऐटीत सुरू करते. केराचं नाव येतं तशी एक बाई खुदकन हसते.

"आगं बया, मपलंच नाव की!"

मी थांबले. तुम्ही म्हणालात, "केराबाई, तुमचं नाव कसं पडलं ते सांगा हिला."

"आता काय सांगायचं, सर. माज्या आदी आईची चार लेकरं गेली. मी झाले तवा तिनं मला उकिरड्यावर नेऊन ठिवलं. शेजारनीनं सुपात घालून माघारी आनलं, आन म्हनली, केरात घावली, घे तुला. म्हंजी मरनाला वाटावं, ही कुनालाच नको हाय, न्यायची कशाला. म्हनून केरा. पन आईनं लई जपलं बगा. सात वर्सं मांडीवरनं खाली ठिवलं न्हाई."

मला कानकोंडं झालं. एवढ्या मायेनं दिलेलं नाव मी कचरा म्हणून वापरलं होतं. तेवढ्यात तिनंच विचारलं, "फुडं वाच की. काय हुतं केराचं?"

वहीत केरा तिसऱ्या पानावर मरत होती, कुणाच्या लक्षातही न येता. मी खाली बघून म्हणाले, "ती पळून जाते. नदीपलीकडं." वही उघडी होती, तुम्ही शेजारीच बसला होतात, तुम्हाला अक्षर न अक्षर दिसत होतं.

"व्हय, जाते," तुम्ही म्हणालात. "पार नेवाशापतोर पोचते." बायका हसल्या, केराबाई सगळ्यात जोरात.

परतताना तुम्ही सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आलात. आता बोलणी बसणार म्हणून मी मान घालून होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "नाव देणाऱ्याच्या मनात काय हुतं ते आदी विचारावं. मग लिहावं." चार दिवस मी तुमच्यावर धुमसत होते, चारचौघींत फजिती केलीत म्हणून. मग गोष्ट नव्यानं लिहिली. नाव तेच ठेवलं, पण आता त्या शहरात केराला आई होती, आणि सरकारची नजर पडू नये म्हणून तिनंच लेकीला ते नाव दिलं होतं. पहिलं पान मला मिळालं. एका पोरीचा तोरा उतरवायला अख्खा रविवार घालवायचा आणि तिचं खोटं पोटात घालून तिची लाजही राखायची, असा माणूस मला पुन्हा भेटला नाही, सर.

पुढं मी तसल्याच भयाण उद्याच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या नावांच्या अर्थांवर लोक आता लेख लिहितात. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. परवा एका कार्यक्रमात शाळकरी मुलीनं विचारलं, "तुम्हाला अशी नावं सुचतात कुठून?" समोर सभागृह भरलेलं होतं. तुमचं नाव तोंडावर आलं होतं, केराबाईचंही. मी म्हणाले, "कल्पनेतून." तिनं ते वहीत लिहून घेतलं.