आजोबांच्या वाटेसाठी पातं

ती. ओरोर मावशीला,

सोलांजचा लांबूनच वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कनेटिकटला अजून नुसता पाऊसच पडतोय असं आई म्हणाली, बरं वाटलं. इथे सगळे ठीक. आजोबा ठणठणीत आहेत (म्हणजे सगळ्यांवर ओरडतायत). मला लिहायची सवय नाही. शाळा सोडल्यापासून मी फक्त बटाट्याच्या पोत्यांवर नावं लिहिलीयत, तेव्हा चुकलंमाकलं सोडून दे. फोन केला असता, पण फोनवर मी नुसती श्वास घेते, तुला माहितीच आहे.

तर झालं असं की आजोबांच्या घरापर्यंतची ती लांब चढाची वाट ह्या हिवाळ्यात बर्फ काढून साफ कोण करणार, हा विषय क्लोविस मामानं जेवताना काढला. (तुमचं लग्न झाल्यापासून लिओनेल काकाच करायचे, त्यामुळे असा काही विषय असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.) मामा म्हणाला, वाट बंद झाली आणि अँब्युलन्स वर चढली नाही तर काय? त्यापेक्षा बाबांना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवू. आजोबा प्लॉयच्या धिरड्यावर लोणी लावत होते, त्यांचा हात तिथेच थांबला. मग कोणीतरी म्हणालं, वाट मी साफ करीन. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मला कळलं की ती मीच होते.

मामा म्हणाला, "तुझ्या त्या गाडीनं? तिला पिकअप म्हणतात होय? मला वाटलं खुर्चीला चाकं लावलीयत."

मग मी आणि आजोबा दुकानात गाडीच्या पुढे लावायचं, बर्फ ढकलायचं पातं बघायला गेलो. दुकानदारानं विचारलं, गाडी केवढी? आजोबा म्हणाले, मोठी आहे. मी फावड्यांच्या मागे उभी होते, तिथूनच म्हणाले, लहान आहे. त्यानं आधी एक चोचीसारखं मधोमध दुमडणारं दाखवलं, ते माझ्या गाडीच्या अख्ख्या नाकापेक्षा जड. मग एक प्लॅस्टिकचं दाखवलं. हलकं, बर्फ त्याला चिकटत नाही, माझ्या गाडीला अगदी बरोबर. आजोबांनी त्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "ह्यात कोशिंबीर वाढतात." आम्ही घरी आलो.

घरी आजोबांनी शेडमधून त्यांच्या जुन्या बटाट्याच्या ट्रकचं लोखंडी पातं काढलं. ते लावल्यावर माझी गाडी पाणी प्यायला वाकलेल्या गायीसारखी झाली, मागची चाकं जेमतेम जमिनीला. आजोबा म्हणाले, मागे वजन पाहिजे. (लोक वाळूची पोती टाकतात. आजोबांनी तळघरातले बटाटे टाकले, ते गोठून गोड झाले, आता रोज आम्ही तीच भाजी खातोय.) तरी चाकं जागच्या जागीच फिरत राहिली. मग त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवली, मांडीवर घोंगडी आणि घोंगडीवर कुत्रा घेऊन बसले, आणि आम्ही निघालो.

चार बोटं बर्फ होता. खालची जमीन अजून गोठलेली नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या लोखंडानं बर्फ सोडला आणि वाटेवरची सगळी खडी खरवडून काढली. ती मी छान ढकलत नेली ती थेट मामाच्या गाडीसमोर, कारण मामा तेवढ्यात बघायला आला होता. त्यानं आधी खडीकडे बघितलं, मग वर खुर्चीकडे.

"बाबा, खाली उतरा."

"मी वजन आहे," आजोबा म्हणाले.

मामा हसला नाही. म्हणाला, गुरुवारी मोठा बर्फ आहे. शुक्रवारी सकाळी माझी गाडी वरपर्यंत चढली तर बाबा घरी. नाहीतर त्यांची बॅग भरा. त्या दिवसापासून आजोबा ओरडत नाहीयेत. (वर ठणठणीत लिहिलं ते तू काळजी करशील म्हणून.)

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
सोलांज

ता. क. तुझ्या इथल्या कोठारात लिओनेल काकांचं पिवळं पातं आहे. त्यांची गाडी माझ्या गाडीएवढीच होती. काकांच्या वस्तूंना कोणी हात लावायचा नाही असं तू त्यांच्या दफनाच्या दिवशी म्हणालीस, ते माझ्या लक्षात आहे. म्हणून मी मागत नाहीये. ते तिथे आहे एवढंच कळवते.

आणखी एक ता. क. आजोबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, खरं काय ते लिही. तर खरं असं, की पातं आता तिथे नाही. काल आजोबांनी तुझं कोठार उघडलं (म्हणाले, लेकीच्या दाराला बापाला किल्ली लागत नाही). काकांनी त्याच्याखाली फळी घातली होती, आणि सगळ्या खिळींना ताजं ग्रीस लावून ठेवलं होतं. म्हणजे ह्या हिवाळ्यासाठीच असणार. ते माझ्या गाडीला लावलंय, नाक जरासुद्धा वाकत नाही. पण मी ते अजून खाली टेकवलेलं नाही. गाडी वाटेच्या तोंडाशी उभी आहे, पातं वर. तू नको म्हणालीस तर त्याच फळीवर परत ठेवीन. गुरुवारच्या आत आजोबांच्या फोनवर फोन कर. नुसतं "टेकव" म्हण. मी श्वास घेईन, म्हणजे ऐकलं असं समज.