कोऱ्या कार्डावरची सही

सोमवार, १५ जून १९६४

शाळा उघडली. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत गावंडे बसला. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब, त्यांचा जावई. (यापुढे नुसता गा. पूर्ण नावाला शाई घालवायची नाही.) मी नागपूरला बी.टी. झाले तेव्हा हा पाटीवर ग म भ न गिरवत होता. पाठाचं टाचण कसं काढायचं ते माझ्याकडून शिकला, आठ वर्षांपूर्वी, याच शिक्षक-खोलीत, माझाच चहा पिऊन.

अण्णासाहेबांनी सुटीतच घरी बोलावून सांगितलं होतं. सुपारी कातरत होते. "बाई, तुमच्या हाताखाली शाळा सुधरन, मले मालूम आहे. पण मास्तर लोक पळून जातीन ना! बाईमाणसाचं ऐकून घ्याची त्याइले सवय नाही."
म्हटलं, सवय लागते.
हसले. आतून लाडू आले. खाल्ला नाही.

पिंपळगाव राजाला सात वर्षं. इथे सतरा. मुंबईला जाऊन व्यवसाय मार्गदर्शनाचं शिक्षण घेऊन आले, आमच्या तुकडीत मी एकटी बाई. चार वर्षं पर्यवेक्षिका. आणि पुढची पायरी जावयाला.

पुढच्या जूनमध्ये त्या खुर्चीत मी. कसं ते माहीत नाही. लिहून ठेवते म्हणजे ढिलाई होणार नाही.

गुरुवार, २ जुलै

गा.साठी नवी खुर्ची आली, गादीची. रहीमभाई शिपाई डोक्यावर घेऊन आला. "जुनी काय चावत होती काय बाई? अस्सल सागवान!" जुनी मी मागून घेतली, मार्गदर्शनाच्या खोलीत ठेवली. बसते. पाठ ताठ राहते.

आठवीची मार्गदर्शन-कार्डं छापून आली. मुलं ब्याऐंशी. गुण, आवड, चाचण्या आणि शेवटी माझी शिफारस: नववीत कोणी कुठे जायचं. विज्ञान, वाणिज्य, शेती की गृहशास्त्र. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी कार्डांवर खाली, आणि पालकांना फाडून द्यायच्या भागावरही, सही करून टाकली, एका बैठकीत. माझी जुनी रीत. वर्षाच्या शेवटी पेपर, निकाल, चाचण्या एकदम अंगावर येतात, तेव्हा सह्यांत दिवस कोण घालवणार? आता नुसतं भरायचं. गठ्ठा ऑफिसच्या कपाटात.

छापखान्यानं एक कार्ड जास्त दिलं. ते कोरंच चाचण्यांच्या कच्च्या वहीत ठेवलं.

शनिवार, ८ ऑगस्ट

शिक्षकांची सभा. मी चाचण्यांसाठी आठवड्याला दोन तास मागितले. गा. म्हणाला, "बाईंचं मार्गदर्शन म्हणजे भविष्य सांगणं. पोपट तेवढा आणायचा राहिला." सगळे हसले. ज्यांच्या बदल्या मी थांबवल्या तेही. ड्रॉइंग मास्तर सर्वांत जास्त.

खोलीत आले, ते जास्तीचं कार्ड काढलं आणि गा.चं भरलं.
आवड: हार, सत्कार, गादी.
स्मरणशक्ती: उपकारांच्या बाबतीत शून्य.
स्वभाव: वरच्यांपुढे मऊ, खालच्यांपुढे कडक.
शिफारस: लग्नाच्या मांडवात दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडणे. त्यापुढची जबाबदारी देऊ नये.
सगळे रकाने भरले. मग सही, तारखेसह. कच्च्या वहीच्या शेवटच्या पानात ठेवलं. आज जेवण गोड लागलं.

मंगळवार, २९ सप्टेंबर

चाचण्या संपल्या. आकृत्यांच्या चाचणीत कौसल्या इंगळे पहिली. दुसरा मुलगा बराच मागे. गणितातही तीच. बौद्धपुऱ्यातली मुलगी, आई जिनिंगमध्ये सरकी-कापूस वेगळा करते. परवा खोलीच्या कपाटाचं कुलूप अडलं होतं. ही म्हणाली, "बाई, म्या पाहू काय?" केसातली पिन काढली, दोन मिनिटं. विचारलं, कुठे शिकलीस? "शिकली नाही बाई. आत काय असन, ते समजते."

हसू आलं, दाखवलं नाही. कच्च्या वहीत लिहिलं: विज्ञान. पुढे इंजिनिअरिंग. खाली दोन रेघा ओढल्या. माझ्या वहीत दोन रेघा मार्गदर्शनाच्या चौदा वर्षांत तिसऱ्यांदा.

मंगळवार, २२ डिसेंबर

अण्णासाहेबांच्या पत्नीच्या नावानं गृहशास्त्राची खोली बांधली. शिवणयंत्रं आली, कोनशिला बसली. आता मान्यतेसाठी वीस मुली हव्यात. स्वतःहून अकराच येतात. गा. माझ्याकडे आला. "बाई, नऊ मुली तुमच्या शिफारशीत बसवा ना. नाहीतरी पुढं काय करायचं आहे त्यांना?"
म्हटलं, माझ्या शिफारशी चाचणीवरून होतात, कोनशिलेवरून नाही.
त्याचं तोंड एवढंसं झालं. मी दिवसभर मजेत होते.

नागपूरहून तार आली. दादाचं ऑपरेशन. उद्या निघते. कच्ची वही बरोबर नेते, परत येऊन कार्डांवर उतरवीन.

गुरुवार, २१ जानेवारी १९६५

परवा परतले. दादा बरा. आज गुरुवार म्हणजे गा. शेगावला दर्शनाला, शाळेला मोकळा श्वास. कार्डं भरावी म्हणून ऑफिसातलं कपाट उघडलं.

भरलेली आहेत. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी. कारकुनाचं गोल गोल अक्षर. त्या अकरांवर आणखी नऊ मुलींना 'गृहशास्त्र'. त्यात कौसल्या. 'आवड: स्वयंपाक, शिवण.' खाली माझी सही.

आधी राग यायला हवा होता. हसू आलं. गा. हातात सापडला! चाचणी न पाहता, मी रजेवर असताना कार्डं भरून घेतली. माझी वही पुरावा. १६ फेब्रुवारीला बुलढाण्याहून शिक्षणाधिकारी तपासणीला येणार आहेत. त्यांच्या टेबलावर एका बाजूला कार्डं, दुसऱ्या बाजूला वही. गादी जाईल, जावई जाईल.

आजच बोलले तर? 'कारकुनाची चूक' म्हणून मुकाट्यानं दुरुस्त करतील आणि हा सुटेल. तोवर कार्डं पालकांकडे संमतीसाठी जातील, फाडायचा भाग त्यांच्याकडे राहील. जाऊ देत. नऊ मुली चार आठवडे थांबल्या तर काही बिघडत नाही. मी सतरा वर्षं थांबले.

कपाट होतं तसं बंद केलं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

दुपारी कौसल्येची आई आली. केसांत कापसाचे धागे, जिनिंगमधून तशीच. बाकावर बसायला सांगितलं तर खालीच बसली. मीही मग खुर्चीतून उठले.

तिची काही तक्रार नव्हती. विचारायला आली होती की शिवणाच्या तासाला कापड घरून आणा लागते काय.
"अन् बाई, गृहशास्त्र म्हंजे सैपाकच ना? सैपाक तं तिले येतेच. मंग त्याच्यासाठी शाळा कायले?" मग आपणच, "पण तुमी लिवलं म्हंजे बरोबरच असन."
पदर सावरून पुढे म्हणाली,
"पोरगी लई रडली. म्हने, बाई असं लिवूच शकत नाही, हे खोटं हाय. म्या म्हटलं, खाली सही कोनाची हाय मंग? दोन ठेवून देल्ल्या. म्हटलं, बाईपेक्षा तुले जास्त समजते काय वं? देला मंग म्या अंगठा. कागद बुद्धाच्या फोटोमांगं ठेवला. तुमच्या हातचा हाय म्हनून."

मी म्हटलं, कापड घेऊ नका एवढ्यात.
"काऊन बाई?"
थांबा थोडं, म्हटलं. आणि नजर वळवली. चौतीस मुलांच्या वर्गाला एका नजरेनं गप्प करते मी.

मुलगी खरं बोलली आणि त्यासाठी मार खाल्ला. माझ्या सहीचा मार. २१ तारखेला कपाट उघडंच ठेवून आरडाओरडा केला असता तर ना अंगठा लागता, ना…

सोमवार, ८ फेब्रुवारी

थांबवेना. गा.च्या खोलीत गेले, दार लावलं. नऊ कार्डं बदला, आज.
घाबरेल असं वाटलं होतं. त्यानं चष्मा पुसला. "बाई, सही तुमची. कोऱ्यावर सही करायची रीतही तुमचीच. मी सांगितलं होतं का? शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवा खुशाल. ते पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

हे मला अठरा दिवस सुचलं नाही. मला! मुलांना कोरा पेपर देऊ नका म्हणून ओरडणारी मी.

मग त्यानं खुर्ची पुढे सरकवली, आवाज गोड. "बसा ना. हे पाहा, अण्णासाहेब बुलढाण्याला नवी शाळा काढून राह्यले. जूनमध्ये मी तिकडे. इथं मागे कोणाचं नाव सांगू? दुसरं आहे कोण? तुम्ही फक्त तपासणी शांततेत होऊ द्या."

जून. हीच खुर्ची. दुसऱ्या कोणाला नाही, स्वतःला सांगते: तोंडाला पाणी सुटलं. 'विचार करते' म्हणून बाहेर आले. 'नाही' म्हणून आले नाही.

बुधवार, १० फेब्रुवारी

आठवीचा तास. कौसल्या आता मागच्या बाकावर बसते. प्रश्न विचारला तर उठून म्हणाली, "माहीत नाही बाई." माहीत होतं. तिला माहीत होतं हे मलाही माहीत होतं. पहिल्यांदाच एखाद्या मुलीनं मला शिक्षा केली.

रहीमभाई चहा ठेवताना: "बाई, तब्येत बरी नाही काय? दोन दिवसापासून कोनाले रागावल्या नाही तुमी. पोरं भेऊन राह्यले."

सोमवार, १५ फेब्रुवारी

उद्या तपासणी. पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे. पहिलं वाक्य असं ठेवलं: 'मी मार्गदर्शन-कार्डांवर ती भरण्यापूर्वी सही करते, ही माझी चूक असून तिचा गैरफायदा घेतला गेला आहे.' दुसरं वाक्य गा.विषयी. तिसऱ्यापासून नऊ मुलींची नावं, चाचणीच्या नोंदींसह. कौसल्येचं पहिलं.

पहिल्या वाक्यानं मुख्याध्यापिकेची खुर्ची गेली, बहुतेक पर्यवेक्षिकेचीही. निवृत्तीला आठ वर्षं राहिली आहेत.

'मुलींसाठी करते आहे' असं इथे लिहिलं होतं, खोडलं. निम्मं खोटं आहे. गा. पडावा ही इच्छा अजून तेवढीच आहे. आता त्याच्याबरोबर मलाही पडायला लागेल, इतकाच फरक. पण तो माझ्या अंगाखाली पडला तर चालेल.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

साडेदहाला जीप आली. हार, नारळ. गा.नं शिक्षणाधिकाऱ्यांना गादीवर बसवलं, स्वतः लाकडी स्टुलावर. चहाच्या आत मी गेले आणि टेबलावर ठेवलं: पत्र, कार्डांचा गठ्ठा, वही.

गा. म्हणाला, "साहेब, बाईंची तब्येत जरा…"
साहेब वाचत होते. पहिलं वाक्य दोनदा वाचलं असावं, बोट तिथेच होतं. वर पाहिलं. "ही सवय किती वर्षांची?"
म्हटलं, पहिल्यापासूनची.
"आणि कोणी काही बोललं नाही?"
कोणाची छाती नव्हती, म्हटलं. ते हसले नाहीत.
"बाहेर थांबा. यादीतल्या पहिल्या मुलीला पाठवा."

बाहेरच्या बाकावर बसले. तो उशिरा येणाऱ्या मुलांचा बाक. मीच ठेवलाय तिथे. रहीमभाईनं दोनदा फेरी मारली. "बाई, तुमी इथं काऊन बसल्या?" म्हटलं, उशीर झाला. त्याला वाटलं मी थट्टा केली.

कौसल्या पाव तासानं बाहेर आली. वेणी सुटलेली. मी विचारलं, काय विचारलं?
"विचारलं, सही कोनाची. म्या सांगतलं, बाईची."
बरोबर. मग?
"मंग विचारलं, स्वयंपाकाची आवड हाय काय. म्या म्हटलं, भूक लागते तवा असते." जरा थांबली. "मंग फळ्यावर एक गणित घातलं. भूमितीचं. दहावीचं हाय म्हने."
आलं?
माझ्याकडे पाहिलं. महिन्यात पहिल्यांदा सरळ. "आलं ना बाई."

साहेब दोनला गेले. पत्र, कार्डं, वही, सगळं जीपमध्ये घातलं. 'लेखी कळवू,' एवढंच म्हणाले. गा.नं नारळ गाडीत ठेवायला धाव घेतली, गाडी तोवर निघाली. नारळ हातात घेऊन उभा राहिलेला पाहिला. तेवढं पुरलं आजच्यापुरतं.

घरी येऊन पाय धुताना आठवलं. कच्च्या वहीच्या शेवटच्या पानात गा.चं कार्ड आहे. गुलाबपाणी वगैरे. काढून घ्यायचं राहिलं. साहेब नीट वाचणारे आहेत, शेवटच्या पानापर्यंत जातील. मग माझं पत्र म्हणजे सुडाचं पत्र, असं कोणीही म्हणेल. आणि नऊ मुलींचं…

खाली माझी सही आहे, तारखेसह. नाकारता येणार नाही. ती तेवढी मी सगळं भरून झाल्यावर केली होती.