पार्वतीबाई गो. चारठाण्याला राहिल्या, त्याची हकीकत

पेडगाव, बुधवार

तीर्थस्वरूप सौ. भिवराबाई वन्स, तुमच्या पायावर पार्वतीचं डोकं (लांबूनच समजून घ्या, गुडघा वाकत न्हाई).

इकडं सगळे खुशाल हायत. सगळे म्हणजे मी आन् मांजर. तिकडं तुमचा दमा आन् तात्यारावदाजींची कंबर कशी हाय ते कळवावं. तुमच्या जिभेची विचारपूस करत न्हाई, ती ठणठणीतच असंल. फोन केला असता, पण तुमच्या भावाचं तेरावं झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तुमी माझा फोन उचलला न्हाई. पत्र पोस्टमन हातातच देतो, ते घ्यावंच लागतं. हे मी माझ्या हातानं लिहायलेय, कुणाला बसवलं न्हाई. माझी शाळा तिसरीत सुटली, तवा वेलांटी इकडची तिकडं झाली तर तुमी नीट करून वाचा. तुमी तर चौथी पास.

तर खबर अशी की मी सहलीला जाऊन आले. आपल्या हरिओमच्या लेकीनं, भक्तीनं, पुण्यात बसून मोबाइलवरच ठरवून टाकली. म्हणली, आजी, घरात बसून भिंतीशी बोलत असतीस तू. मी म्हणलं, भिंत बरी, आपलं बोलणं मधीच तोडत न्हाई. पण ऐकते कुठं. छोटा गट, तेरा माणसं, जाणकार माणूस सोबत, नाष्टा-जेवण त्यांचं, सकाळी परभणीहून निघायचं आन् दिवस मावळायला परत. मला वाटलं देवदर्शन असंल, म्हणून नारळ घेतला, उदबत्ती घेतली. निघाली पडकी देवळं. पडकं बघायला इतक्या लांब कशाला जायचं, आपली न्हाणी हाय की.

जाणकार माणूस म्हणजे महारुद्र सर, इतिहासाचे रिटायर मास्तर. गळ्यात शिट्टी. शाळा सुटली तरी शिट्टी सुटली न्हाई. त्यांना इंग्रजीची बी हौस. गाडी हलवायची झाली की ड्रायव्हरला म्हणायचे, "नागेश, गो!" आन् नागेश गाडी अशी उडवायचा की नाष्ट्याचे पोहे पुन्हा तोंडात यायचे. तर सरांनी कागद काढला आन् नावं लिहायला बसले. म्हणले, आजी, पूर्ण नाव सांगा. मी म्हणलं, पार्वतीबाई. आन् मधलं?

वन्स, तुमाला ठाऊक हाय. एकोणपन्नास वर्षं संसार केला, पण त्यांचं नाव तोंडातून काढलं न्हाई. (लग्नातला एक उखाणा सोडून. तो बी तुमी मागून चिमटा काढला म्हणून.) दवाखान्यात हरिओम सांगायचा, बँकेत मी नुसतं "गो." लिहिते आन् ते चालवून घेतात. किसनदेव लहानपणी जिथं लोणी चोरायचा ते गाव, असं सरांना सांगितलं असतं, पण मास्तर माणूस, त्यांनी मथुरा लिहून ठेवलं असतं. म्हणून म्हणलं, गो. लिवा. त्यांनी लिहिलं, पार्वतीबाई गो.

मग शिट्टी वाजवून म्हणले, आता जोड्या लावा, म्हणजे कुणी हरवणार न्हाई. शाळेतल्या पेपरात असायचं बगा. सहा जोड्या लागल्या, नवरा-बायकोच्या. उरले मी आन् पाण्याचा जार. सर म्हणले, आजी, तुमी जाराशेजारी बसा. बसले. सोबत वाईट नव्हती. डुगडुग करायचा, पण माझ्या पुढं पुढं बोलायचा न्हाई. पाणी तापू न्हाई म्हणून मी माझी शाल त्याला पांघरली. (हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतंय.)

पहिल्यांदा नेमगिरीच्या डोंगरावर नेलं, जैनांच्या गुफा बघायला. दार एवढंसं आन् आत मूर्ती एवढी थोरली. सर म्हणले, आत जाताना माणूस वाकतो, त्याचा अहंकार गळून पडतो. माझा गुडघा वाकत न्हाई, मी बसून सरकत गेले आन् सरकत भाईर आले. अहंकार होता तसाच राहिला. भाईर सहा जोड्या फोटो काढायल्या होत्या. दर जोडी माझ्या हातात मोबाइल द्यायची, आजी, आमचा काढा ना. काढले. साऱ्यांत माझा अंगठा आलाय. माझा फोटो कुणी काढला न्हाई, पण अंगठा सहा घरांत पोचला.

दुपारचं जेवण करून चारठाण्याला. तिथं एकेकाळी तीनशेसाठ देवळं होती म्हणतात. सर एकेका देवळापुढं शिट्टी वाजवायचे आन् बयान सुरू. मी मागून रखडत. मग एका देवळात नेलं, नक्षीचे खांब, आत गार. सरांनी त्या देवळाचं नाव सांगितलं आन् माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराला गेला. वन्स, ते तुमच्या भावाचंच नाव, पुढं नुसतं ईश्वर जोडलेलं! आन् सर थांबतेत का? त्यांचे खांब बगा, त्यांचं शिखर ढासळलं, त्यांच्याकडं कुणी बघितलंच न्हाई. दर वेळी नाव घ्यायचे आन् दर वेळी मी पदर सारखा करायचे. शेवटी एक बाई म्हणली, आजी, माश्या चावायल्या का? तीन वर्षांत ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आन् इथं हा मास्तर पोरांची हजेरी घेतल्यासारखा घ्यायलाय.

मंडळी भाईर गेली. मी खांबाआड बसले. पायात गोळा आला होता, दुसरं काय न्हाई.

तिकडं गाडीत सरांनी हजेरी घेतली. (हे मला मागून कळलं.) सहा जोड्या झाल्या. मग कागद बघून सर मोठ्यानं वाचायले, "पार्वतीबाई… गो!" आन् नागेशनं गाडी सोडली. सरांनी मागं वळून बघितलं, तर शाल पांघरून म्हातारी डुलकी घ्यायलीय. म्हणले, झोपू द्या, दमली असंल. असा जार माझ्या नावानं दोन कोस गेला.

मी भाईर आले तर धुरळा बी न्हाई. सरांनी सकाळी साऱ्यांना दिलेल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून त्यांना फोन लावला. सर म्हणले, आजी, तुमी तर गाडीत हाव. मी म्हणलं, मग हे कोण बोलायलंय? तवा त्यांनी शाल उचलली. मग आमचं बोलणं झालं ते असं.

"कुठं हाव तुमी?"

"देवळात."

"कोणत्या?"

"ह्यांच्या."

"कुणाच्या?"

"मालकाच्या."

सर म्हणले बरं, आन् फोन ठेवला. मला वाटलं, समजले. अर्ध्या घंट्यानं पुन्हा फोन. म्हणले, आजी, चार शेतांत विचारलं, देवळाचा मालक मी हाय असं कुणीच म्हणायला तयार न्हाई! मी म्हणलं, सर, माझे मालक, माझे! ते म्हणले, ते कुठं भेटतील? आता ह्याला काय सांगावं. तेवढ्यात फोन टुकटुक करायला लागला, चार्जिंग संपत आलेलं. विधवेनं उखाणा घेऊ न्हाई म्हणतेत, पण तसं म्हणणारे सारे गाडीत बसून गेले होते. घेतला:

दगडावर दगड, मधी न्हाई चुना,
……रावांच्या देवळात मी, सर, मागं फिरा पुन्हा.

(मोकळ्या जागेत नाव घेतलंय. तोंडानं घेतलं, कागदावर हात धजत न्हाई.) गाडीतल्या बाया टाळ्या वाजवायल्या ते फोनात ऐकू आलं, मग फोन मेला.

मग तुमाला काय सांगू. तिथं कुणीच न्हाई, नाव एकदा निघालंच होतं, म्हणून आणखी एकदा घेतलं, जरा मोठ्यानं. मग आणखी एकदा. वटवाघळं उडाली. तेवढ्यात वरच्या बांधावरून एक बाई डोकावली, शेरडं चारायली होती. राजेश्री तिचं नाव. म्हणली, मावशी, कुणाला हाका मारायल्या? बकरं हरवलं का?

मी म्हणलं, व्हय बाई.

"रंग कसला?"

"सावळा. एका कानानं बहिरं."

"मग हाक कशी ऐकू येईल त्याला?" म्हणली, आन् खरंच देवळामागं जाऊन, बारवेत वाकून, झाडीत काठी मारून शोधायला लागली. नाव घेऊन, वन्स, मोकळ्या आवाजात. मी तिला थांबवलं न्हाई. गाडी येईपर्यंत आमी दोघी हाका मारायलो होतो. डोळ्याला पाणी आलं, ते वटवाघळांच्या घाणीनं. लय वास होता.

सरांनी हात जोडले, मला पुढच्या सीटवर बसवलं. रात पडायच्या आत घरी आले. मांजरानं सहल कशी झाली ते विचारलं न्हाई.

दाजींना नमस्कार. पोराबाळांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
पार्वतीबाई गो.

ता. क. तेराव्याला साऱ्या भावकीत तुमी मला म्हणल्या, हिच्या डोळ्याला पाणी न्हाई, ही दगड हाय. आन् मी म्हणलं, मग दगडाच्या घरी थांबू नका, सकाळची पहिली गाडी धरा. तुमी धरली. त्याचं असं हाय, सर सांगायले की त्या देवळाचे दगड नुसते एकमेकांवर ठेवलेत, मधी काय बी न्हाई, तरी शेकडो वर्षं उभे हायत. तवा दगड म्हणल्याचा राग मी सोडला. गाडी धरा म्हणल्याचा तुमी सोडायचा का न्हाई, तुमचं तुमी बगा.

ता. क. दुसरा. आपल्या दोघींच्या मधी एक गंगाच तर हाय. गंगाखेडहून परभणीला या, तिथून पेडगाव किती लांब? हरिओम बाबा म्हणतो, भक्ती आजोबा म्हणते, गावातले म्हातारे गेले. तुमच्या भावाला नाव घेऊन हाक मारणारं माणूस आता तुमी एकटंच उरलाव. ते शेतातून उशिरा यायचे तवा ओसरीवरून तुमी कशा वराडायच्या, तसं एकदा येऊन वराडा. दमा असंल तर हळू वराडा. भांडण बी करू, तिखट नवं कुटलंय.

ता. क. तिसरा. याच अशी जबरदस्ती न्हाई. पण पाकिटाच्या मागं पाठवणारीचं नाव ह्या वक्ती मी पुरं लिहिलंय, मधलं बी. अक्षर वाकडं हाय. मोठ्यानं वाचा.