केनचा नेहमीचा किस्सा

१४, टेंटर रो, ब्रॅकनशॉ
मंगळवार, ९ मार्च २००४

केन,

आधी शेगडीतली राख काढली, मग मागच्या दारातून कोळसा आणला, मग हेदरला पाजून पाळण्यात ठेवलं. ती तीन महिन्यांची होती. हौदात गरम पाणी सोडून आदल्या दिवशीचे तिचे लंगोट बुडवले, पिळले, आणि स्वयंपाकघराच्या छताखालची कपडे वाळवायची काठी दोरीने खाली ओढून त्यावर एकेक टाकले. बाहेर पाऊस होता, सगळं घरातच वाळवायचं होतं. लंगोट, दोन गंज्या, माझा एप्रन, विल्फचे हिरवे सुती हातमोजे. मग पाव भाजला. विल्फ खाली आला, उभ्याउभ्या चहा प्यायला, "आज हलकाच सराव आहे, लवकर येतो," म्हणाला आणि गेला. जानेवारी १९७४ मधला पहिला शुक्रवार. दुसऱ्या दिवशी फुटबॉल चषकाच्या तिसऱ्या फेरीचा सामना होता. सकाळ मात्र रोजच्यासारखीच होती.

पत्र असं सुरू करत नाहीत हे मला ठाऊक आहे. आधी खुशाली विचारायची असते. तर मी बरी आहे, उजवा गुडघा सोडून. हेदर आणि तिची मुलं मजेत आहेत. तू बरा असशीलच. तुझ्या तब्येतीला कधी काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुझं पत्र गुरुवारी आलं. टाइप केलेलं, क्लबचं चिन्ह वर, आणि खाली तुझी ती लांबलचक सही. डोंगराकडच्या गोलपोस्टमागच्या, प्रेक्षकांच्या पायऱ्यांना विल्फचं नाव द्यायचं ठरलंय, शनिवारी सामन्याआधी पाटी उघडायची आहे, ती मी उघडावी, आणि त्याआधी संचालक या नात्याने तू चार शब्द बोलणार. इथवर ठीक. मग तू लिहितोस, "तुझी हरकत नसेल तर तो नेहमीचा किस्सा सांगेन म्हणतो. लोकांना आवडतो, आणि विल्फलाही आवडायचा."

हे शेवटचं वाक्य मी चारपाच वेळा वाचलं. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, पुढे जे वाचलं ते सार्वजनिक वाचनालयातून, विल्फ परगावी खेळायला गेलेला असताना. पण एवढं वाचून माणसाला एक कळायला लागतं. जो माणूस "त्यालाही आवडायचं" असं लिहितो, त्याने त्याला कधी विचारलेलं नसतं.

किस्सा मला पाठ आहे, केन. तुझ्यापेक्षा चांगला सांगेन. चौथ्या श्रेणीतला आपला क्लब, समोर लंडनचा पहिल्या श्रेणीतला, आणि शहाऐंशी मिनिटं शून्य-शून्य. चिखल घोट्यापर्यंत. मग त्यांच्या कुणीतरी लांबून एक मरतुकडा फटका मारला, एखाद्या म्हातारीने मांजराला हाकलावं तसा, असं तू म्हणतोस आणि थांबतोस, कारण इथे लोक हसतात. गोलकीपर विल्फ खाली वाकला, चेंडू दोन्ही हातांत आला, छातीशी घेतला, आणि निसटला. पायांमधून मागे गेला आणि गोलरेषेच्या पलीकडे जाऊन थांबला. टीव्हीवाले दर जानेवारीत दाखवतात.

आणि मग तुझी शेपटी: "त्याच आठवड्यात त्याची बायको मला विचारते, केन, पोर विल्फच्या हातात देऊ का रे? मी म्हटलं, दे बाई, पण आधी खाली गादी अंथर!"

मी तुला असं काही विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात तू आमच्याकडे फिरकलाही नव्हतास. तू कप्तान होतास, विल्फच्या पुढ्यात बचावाला उभा राहायचास, आमच्या लग्नात त्याच्या शेजारी अंगठी खिशात घालून उभा होतास, आणि त्या आठवड्यात तुला आमच्या दारापर्यंत यायला जमलं नाही. वर्तमानपत्रवाल्यापर्यंत मात्र जमलं. "कीपरच्या चुका दिसतात, बाकीच्यांच्या झाकल्या जातात, काय करणार," असं तुझ्या नावाने छापून आलं होतं. सांत्वनासारखं वाटावं असं बोलून माणसाला खड्ड्यात घालायची कला तुझ्याजवळ तेव्हाच होती.

पुढे तू तेच पोटापाण्याचं केलंस. खेळणं संपल्यावर लोक दुकानं टाकतात, विमा विकतात. तू माझा नवरा विकलास. लिव्हरपूलपासून लीड्सपर्यंत कुठल्याही क्लबचं जेवण असो, मटण संपलं, सिगारेटी पेटल्या, की केन लेथम उभा राहणार आणि विल्फ गार्साइडला खाली पाडणार. तीस वर्षं एकच किस्सा! एवढा आळस मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. निदान एखादा नवीन तरी रचायचास.

क्लबच्या शताब्दीच्या जेवणाला बायकांनाही बोलावलं होतं तेव्हा मी तो प्रत्यक्ष ऐकला. तू गादीपर्यंत आलास, सगळं सभागृह हसलं, आणि माझ्या शेजारी विल्फही हसला. घरी चालत जाताना मी विचारलं, "हसत काय होतास?"

"सगळे हसत होते."

"सगळ्यांचं सोड. तुझ्यावर हसत होते, आणि तू त्यांना साथ देत होतास."

"बेरिल, चेंडू माझ्या हातातून गेला. केनच्या नाही."

"म्हणून त्याने जन्मभर चघळायचा?"

"चघळू दे. त्याच्याजवळ दुसरं आहे काय?" तो म्हणाला. त्याच्या तोंडून तुझ्याबद्दल वाकडं एवढंच निघालं. जपून ठेव.

आता तू भाषणात सांगणार नाहीस त्या गोष्टी. विल्फ त्या सामन्यानंतर आणखी नऊ वर्षं खेळला. चारशे अकरा सामने, सगळे याच क्लबसाठी. त्यातला एक टीव्हीवर आहे. उरलेले ज्यांनी पाहिले ते म्हातारे होऊन एकेक करून जाताहेत. मग बेकरीची गाडी चालवायला लागला, आणि मंगळवारी-गुरुवारी काम संपल्यावर कीपरांना शिकवायला. तुम्ही त्याला खरं मैदान कधी दिलं नाहीत. पायऱ्यांमागचा गाड्या लावायचा उतार दिलात. तिथे त्याने स्वतः गवत लावलं, ते तुमच्या गाड्यांनी चिरडलं, त्याने पुन्हा लावलं. सतरा वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेले सहा कीपर वरच्या श्रेणीत खेळले. कीपर म्हणजे दर शनिवारी फाशी द्यायला ठेवलेला माणूस, तो म्हणायचा, त्याला कुणीतरी आपलं हवं. सामना हरला की बाकीचे प्रशिक्षक खेळाडूंवर ओरडत आत जात. हा कीपरच्या शेजारून चालत यायचा, गप्प.

शेवटी शेवटी त्याची बोटं वळेनात. आठ बोटं मोडून वाकडी जोडली गेली होती. शर्टाची बटणं मी लावायची. चार वर्षांपूर्वी नव्या मॅनेजरला स्वतःचा माणूस हवा होता, तेव्हा विल्फला हे सांगायचं काम संचालकांनी तुझ्यावर सोपवलं. तू खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्या माणसाकडून निरोप पाठवलास: चेंडूंची पिशवी आणि कुलपाची किल्ली आणून द्यावी. पिशवी त्याने धुऊन दिली. मी धुतली नसती.

असो. हे लिहायला बसले नव्हते. तुला नावं ठेवायला मला कागद लागत नाही, ते मी भांडी घासतानाही करते. जे लिहायचं आहे त्याच्याभोवती मी दोन पानं फिरतेय.

नोव्हेंबरमध्ये, विल्फच्या अंत्यविधीनंतर, तू क्लबच्या बारमध्ये महापौरांशी बोलत होतास तेव्हा डॅरेन पिलिंग माझ्याजवळ आला. आठवतो ना, उंच, लाल केसांचा, विल्फने घडवलेला पहिला कीपर. हातात सँडविच, डोळे सुजलेले, आणि मला हसवायचा प्रयत्न करत होता.

"पहिल्या दिवशी काय शिकवलं माहितेय, मिसेस गार्साइड? आम्हाला वाटलं उड्या मारायला लावतील. तर यांनी बादली आणली. कोमट पाण्याची! म्हणाले, हातमोजे नुसत्या पाण्यात धुवायचे आणि आपले आपण धुवायचे. आईकडे द्यायचे नाहीत. बायकोकडे तर मुळीच नाहीत."

मी म्हटलं, "का रे, बायका चोरतात की काय?"

"आम्हीही तेच विचारलं! तर म्हणाले, चेंडू सुटला तर तो तुझ्या एकट्याच्या हातून सुटलेला बरा. घरात कुणावर यायला नको."

डॅरेन हसला. मी पण हसले. मग चहा आणते म्हणून उठले आणि बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले.

त्या शुक्रवारी, केन, लंगोटांसाठी मी एक नवीन बाटली आणली होती. कपडे मऊ करायचं ते निळं औषध, तेव्हा नवीनच आलं होतं. हेदरचं अंग खरखरीत लंगोटांनी लाल व्हायचं. हातमोजे मी एरवी वेगळे, नुसत्या पाण्यात काढायची, तसं विल्फने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं. त्या दिवशी पोर रडत होती, हौदात पाणी तयार होतं, मी ते लंगोटांबरोबर टाकले. झोपायच्या आधी काठीवरून काढले तेव्हा ते लोण्यासारखे लागले हाताला. मला छान वाटलं. सुती हातमोजा ओल्या चेंडूला चिकटतो तो त्याच्या खरखरीतपणामुळे, हे मला ठाऊक होतं. पण त्या घटकेला डोक्यात आलं नाही. शनिवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आलं. त्याने कोट काढला, खिशातून हातमोजे काढून हौदाच्या कडेला ठेवले, आणि साऱ्या स्वयंपाकघरात तो फुलांचा वास सुटला. चिखल होता तरी.

त्याने काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. सोमवारी म्हणाला, "हे आता मी धुत जाईन. तुला पोरीचं काम पुष्कळ आहे." मी म्हटलं, बरं. वाटलं, बायकोची काळजी करतोय. खरं सांगायचं तर, तसं वाटून घेतलं.

म्हणजे तू ज्या किस्स्यावर तीस वर्षं जेवलास तो माझा आहे. तू कोत्या मनाचा माणूस आहेस आणि तसाच राहशील, पण तू फक्त ऐकवत होतास. मी तिथे बसून ऐकत होते, आणि माझ्याजवळ एक वाक्य होतं. ते त्या शताब्दीच्या जेवणात म्हटलं असतं तर तुझं तोंड तिथेच बंद झालं असतं आणि विल्फ मान वर करून घरी आला असता. मी तुला घरी जाताना शिव्या दिल्या. त्या द्यायला सोप्या होत्या. तुझी कीव करावी की स्वतःची, हे मला नोव्हेंबरपासून ठरवता आलेलं नाही. बहुधा तुझी नाही.

तू विचारलंस, हरकत आहे का. आहे. पण नुसतं नाही म्हणून काय उपयोग? शनिवारी तू गप्प बसशील, मोठेपणा घेशील, आणि पुढच्या जेवणाला मटणानंतर पुन्हा उभा राहशील. आता त्यात पाटीही येईल. विल्फचं नाव रंगवलेल्या पायऱ्यांवर बसून लोक तो निसटलेला चेंडूच सांगतील पोरांना. ते मला नको आहे. दुसरं जे करता येईल ते मला जमेल का, माहीत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मी चारशे पोरांवर ओरडलेय, पण हातात माइक घेऊन मी कधी उभी राहिलेली नाही.

तुझी कुणीही नसलेली, आणि चाळीस वर्षं विल्फची बायको असलेली,
बेरिल गार्साइड

बुधवार, सकाळ संपत आली आहे.

पाकीट बंद केलं नव्हतं म्हणून हे खाली लिहिते. आज साडेनऊच्या बसने मैदानावर गेले. कचेरीत मार्जरी होती. तिला म्हटलं, शनिवारी केन बोलणार नाही, मी बोलणार आहे, तीन मिनिटं पुरतील. तिने विचारलं, केनला माहीत आहे का? मी म्हटलं, आज कळेल. तिने कार्यक्रमाच्या कागदावर तुझं नाव खोडून माझं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मग मी बाजारात गेले आणि शुक्रवारी केस नीट करून घ्यायची वेळ ठरवून आले.