ओवाळणीतलं थर्मामीटर

चिंचवड गावठाण,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षाली,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. मैत्रीची सहामाही परीक्षा झाली. गणितात चांगले मार्क आहेत, मराठीत बापावर गेली आहे. आयुषचा खोकला अजून रेंगाळतोय. थंडी पडायला लागली तशी शालनबाईंनी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंनी, सकाळी अंगणात शेगडी पेटवायला सुरुवात केली आहे. तुझी दोन्ही पोरं कशी आहेत? सासूबाईंचा गुडघा?

हल्ली पत्र कोण लिहितं, असं म्हणशील. पण तुझा फोन तुझा एकटीचा कुठे आहे? सासूबाई त्यावर भजनं लावतात आणि मेसेज ज्ञानेशराव तुझ्या आधी वाचतात. म्हणून हे कारळ्याच्या चटणीच्या पुडीखाली ठेवलंय. डबा घेऊन तुझा दादाच येतोय, तरी घाबरू नकोस. कंपनीत आलेल्या मालातला नटन् नट तो भिंगाखाली धरतो, पण घरातला डबा आजवर त्याने कधी उघडून पाहिलेला नाही. शिवाय कारळं त्याला आवडत नाही.

दादाचं कौतुक तर तुला ऐकवायलाच हवं. आता तो मोठा माणूस झालाय. दोन वर्षांपूर्वी त्या फार्महाऊसवरच्या शिबिराला काय जाऊन आला, तेव्हापासून 'नैसर्गिक कुटुंब नियोजन' हा त्याचा विषय झाला, त्यावर भाषणंही देत फिरतो. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेला माणूस. तिथे जसा पार्टच्या मापाचा तक्ता भिंतीला लावतात, तसा त्याने माझ्या तापमानाचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावलाय. हिरवा रंग म्हणजे चालेल, लाल म्हणजे थांबा. कपडे काढायला दार उघडलं की आधी मी दिसते, मग साड्या. शिबिरातून आला त्याच दिवशी माझ्या गोळ्यांचं पाकीट त्याने मोरीत रिकामं केलं. मला न विचारता, हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर मोरी तुंबली. ती मीच काढली.

आता पद्धत कशी ते ऐक. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, रोज साधारण एकाच वेळी तापमान घ्यायचं असतं. हे त्यानेच मला शिकवलं, चांगली चित्रं काढून. आणि हा गृहस्थ दर आठवड्याला शिफ्ट बदलणारा. थर्ड शिफ्ट असली की आठ वाजता घरी येतो. तोवर मी पहाटेपासून तीन डबे केलेले असतात, दोनदा चहा घेतलेला असतो आणि कंपनीची बस गाठायला चपला शोधत असते. तेव्हा हा बूट न काढता म्हणतो, "आ कर." फर्स्ट शिफ्ट असली की तो माझ्या आधी निघून जातो, मग तक्ता मीच भरते. मनाला येईल तो आकडा लिहिते. सारखा एकच लिहिला तर त्याला संशय येईल, म्हणून मधूनच थोडा वाढवते. त्या तक्त्यात माझं शरीर कुठेच नाही गं. त्यात माझा चहा आहे आणि त्याची शिफ्ट आहे.

आणि लाल रंगाचं काय सांगू. लाल दिवसांत पुरुषाने लांब राहायचं, सगळी पद्धत त्यावरच तर उभी आहे. तुझा दादा लाल दिवशी तक्त्यासमोर उभा राहतो, पेनाचं टोपण चावतो, आणि म्हणतो, "बॉर्डरलाइन आहे, चालेल." कंपनीत बॉर्डरलाइन माल परत पाठवणारा माणूस.

एकदा शालनबाईंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला म्हणावं, त्ये थर्मामीटर तुज्याच तोंडात धर आन् गप बस. रोज धरलंस तर घरात शांतता बी ऱ्हाईल आन् पोरं बी व्हणार न्हाईत." मी इतकी हसले की मटाराचं ताट सांडलं.

पण वर्षाली, मी हसण्यासाठी लिहायला बसलेले नाही.

भाऊबीजेला तू ओवाळलंस आणि त्याने ताटात काय टाकलं? थर्मामीटर. वर रंगीत कोरा तक्ता, गुंडाळी करून, रिबीन बांधून. भावाने बहिणीला एक वेळ काहीच न देणं परवडलं. मग म्हणाला, "वर्षे, त्या गोळ्या म्हणजे स्लो पॉयझन. बंद कर. तुझ्या वहिनीला विचार, दोन वर्षं झीरो डिफेक्ट. हा माझा जिवंत पुरावा." ज्ञानेशराव लगेच खूश. नैसर्गिक म्हटल्यावर त्यांना वाटलं, आता आपल्याला काहीच करायचं नाही. गेल्या वर्षी डॉक्टरबाईंनी त्यांच्यापुढे नसबंदीचा विषय काढला तेव्हा गार पाणी मागवावं लागलं होतं, आठवतंय ना? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस. मी पुऱ्या तळत होते. एक पुरी करपली तरी मी मान खालीच ठेवली.

परवा फोनवर तू म्हणालीस, "वहिनी, गोळ्या बंद केल्यात. दादाचं तुमच्यावर जमलं, मग माझ्यावर का नाही जमणार?"

म्हणून सांगते. माझ्यावर काहीही जमलेलं नाही. त्याने गोळ्या मोरीत टाकल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी पालिकेच्या दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली. शालनबाई बरोबर होत्या. दादाला सांगितलं, मैत्रीच्या शाळेत पालकसभा आहे. दोन वर्षं जी टिकली ती तांबी. त्याची भाषणं, त्याचे रंग, त्याचं झीरो डिफेक्ट, सगळं तिच्या जिवावर चाललंय. गंमत बघ, रोज सकाळी हा तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो आणि आम्हा सगळ्यांना सांगतो की तांबं म्हणजे साक्षात निसर्ग. मला कितीदा वाटलं होतं सांगावं, की बाबा, तुझा निसर्ग माझ्या पोटात सुखरूप आहे.

नाही सांगितलं. सांगून एक भांडण, मग सासरच्या माहेरच्या बैठका, आणि शेवटी ती काढून घ्यायचा हट्ट. त्यापेक्षा तोंडात थर्मामीटर धरून बसणं सोपं होतं. माझ्यापुरतं ते चाललंही. तुझ्यापर्यंत येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दवाखान्यातल्या सिस्टरांना मी तेव्हाच विचारलं होतं, ही पद्धत खोटी आहे का? त्या म्हणाल्या, खोटी नाही. नीट शिकलेल्या, झोपेची वेळ सांभाळणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे नवरा ऐकणारा असेल त्या बायांना उपयोग होतो. पण जिला दिवस राहणं जिवावर बेतेल, तिने एवढ्यावर विसंबू नये. यातलं तुझ्याकडे काय आहे, तूच सांग. झोप? दोन लहान पोरं आहेत. ऐकणारा नवरा? असो.

दुसऱ्या सिझरच्या वेळी तुझं रक्त थांबत नव्हतं. तुला ते आठवणार नाही, मला आठवतं. तुझ्या दादाने रक्त दिलं आणि जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. डॉक्टरबाई बाहेर येऊन आम्हा दोघांना म्हणाल्या, तिसऱ्यांदा आता नको, पोटाला झेपणार नाही. त्याने ते ऐकलंय. त्याचा तुझ्यावर जीव आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याला आपण बरोबर आहोत असं इतकं मनापासून वाटतं, की तुझा जीव जाईपर्यंत तो तक्त्यातली चूक शोधत बसेल. मग म्हणेल, वर्षेने आकडे नीट भरले नाहीत.

तेव्हा मी सांगते तसं कर. आजपासून सासूबाईंच्या खोलीत झोप. त्या घोरतात, घोरू देत. पाठ दुखते म्हण, पोरं रडतात म्हण, काहीही म्हण. गुरुवारी मी सुट्टी टाकली आहे. सकाळच्या लोकलने तळेगावला येते. तुझ्याच डॉक्टरबाईंकडे जाऊ, गोळ्या पुन्हा सुरू करायच्या की दुसरं काही, ते त्या ठरवतील, दादा नाही. पाळी चुकली असेल तर तेही लपवू नकोस, तेही त्यांनाच सांगू. ज्ञानेशराव आडवे आले तर मला फोन कर. थर्मामीटर मात्र फेकू नकोस, पोरांना ताप आला की लागेल.

पुढच्या रविवारी पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत दादाचं भाषण आहे. पहिल्या रांगेत मी बसायचं, नवी साडी नेसून, आणि शेवटी माझा नारळ देऊन सत्कार आहे. लोकांनी पुरावा बघायला नको का? तू हे पत्र फाडू नकोस. ज्ञानेशरावांना पटलं नाही तर त्यांना दाखव. ते दादाला दाखवतील, दाखवू देत. माझ्या घरात जे काही होईल ते मी बघून घेईन. दोन वर्षं मी त्याचा जिवंत पुरावा झाले ते पुष्कळ झालं. आता मला तू जिवंत हवी आहेस.

डबा धुऊन ठेव, गुरुवारी परत नेईन.

तळेगाव स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपाशी तू दिसेपर्यंत उभी राहणारी,
तुझी वहिनी
स्वरूपा