कपाटातला शेवटचा एअरवे

प्रति,
मा. अधीक्षक,
वैद्यकीय साहित्य भांडार,
तळमजला, जिन्याखाली.

विषय: मोठ्या मापाचा एअरवे, नग एक, गुरुवारी सकाळी तासाभरासाठी मिळणेबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपले एकच उत्तर.

महोदय,

१. पूर्ण भूल दिल्यावर माणसाची जीभ मागे पडते. अशा वेळी दुर्बिणीच्या आधाराने श्वासनलिकेत नळी घालायची, तर तोंडात एअरवे नावाची पोकळ, बाकदार प्लास्टिकची वस्तू ठेवावी लागते. ती जीभ आवरते आणि दुर्बिणीला मधोमध वाट देते. आमच्याकडची गेल्या महिन्यात तडकली.

२. तशीच एक आपल्या काचेच्या कपाटात आहे. जाता-येता मी तिचे दर्शन घेतो. परंतु शिल्लक शून्य दिसल्यास तपासणीत आक्षेप येतो, सबब शेवटचा नग देता येत नाही. आणि एक नग शिल्लक असताना नवीन मागवता येत नाही, असे आपण कळवलेत.

३. तूर्त आमच्या सिस्टरबाई रुग्णाची जीभ चिमट्याने ओढून धरतात. "घरी नवऱ्याची आवरता आवरता नाकी नऊ येतात, आता इथे परक्यांचीही धरू का?" हा त्यांचा प्रश्न मी आपल्याकडे अग्रेषित करीत आहे.

४. गुरुवारचे रुग्ण म्हणजे आपलेच भांडारपाल. मान आखूड, तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. नुसत्या चिमट्याच्या भरवशावर त्यांना झोपवायला माझा हात धजत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते उठले, त्यांनी कपाट उघडले, एअरवेचे पाकीट फडक्याने पुसले, जागच्या जागी ठेवले आणि कुलूप लावले. म्हणाले, "साहेब, एकोणतीस वर्षांत माझी शिल्लक शून्यावर गेलेली नाही. माझ्याच घशासाठी नियम मोडला, तर लोक काय म्हणतील?" त्यांच्या पत्नीने मला बाजूला घेऊन सांगितले, "घरीही असंच आहे हो. साबणाच्या शेवटच्या वडीला हात लावू देत नाहीत."

५. सबब विनंती, की सदर नग मला देऊच नये. तो भांडारपालांच्याच ताब्यात राहावा. फक्त कपाटाऐवजी तोंडात. नोंदवहीत शिल्लक एकच राहील. तपासणी पथक नेमके तेव्हाच आले, तर टोपी-मास्क देऊन मी त्यांना आत घेईन व मोजू देईन.

काम होताच एअरवे धुऊन, निर्जंतुक करून, आणि भांडारपाल श्वास चालू स्थितीत, असे दोन्ही नग आपणास परत मिळतील.

काचेबाहेरून आपला,
भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह क्र. २
सोमवार

सोबत: १) तडकलेला एअरवे. २) भांडारपालांच्या पत्नीचे संमतिपत्र. (सही दोनदा केली आहे: एक भुलीसाठी, एक कुलूप उघडण्यासाठी.)