राईमीठ: धर्मेशचं नाव उतरवण्याबाबत

मी, भूपेश बाबुराव गावंड, वय ५२, राहणार राई, भाईंदर पश्चिम, पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शेजाऱ्यांचं मत जोडलेलं नाही. कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहता फ्लॅट पत्नी सुगंधा हिला. गच्चीच्या गळतीवरून सोसायटीशी चाललेलं भांडणही तिलाच. ती ते माझ्यापेक्षा चांगलं चालवेल.

२. शिडी व ड्रिल मशीन चुलतभाऊ उत्तम याला. सहा वर्षं त्याच्याकडेच आहेत, निदान कागद तरी खरा होईल.

३. 'राईमीठ' हे ब्लॉकचेनवरचं, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीतलं, नाव मुलगी कृतिका हिला. आमच्या मिठागरावर इमारती झाल्या, तेव्हा थोरला भाऊ धर्मेश याने निदान नाव तरी राहावं म्हणून ते घेतलं. दोन वर्षांपूर्वी जाण्याआधी त्याने ते माझ्या डिजिटल वॉलेटमध्ये पाठवलं. ब्लॉकचेनवर मालक मीच. पण नावांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका तिऱ्हाईत ऑनलाइन बाजाराच्या पानावर जुनीच नोंद राहिली: मालक, धर्मेश.

ती वेळेत बदलली नाही, हा दोष माझा. आमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबा आहेत. मेलेल्याचं नाव काढायची घाई आमच्यात कोणी करत नाही. शांतीवहिनीही म्हणाली, "राहू द्या ना भावजी, तुम्हाला काय टोचतंय?"

कृतिकाने त्या नावाने मिठाचा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा टोचलं. पानावर रिफ्रेश दाबलं, माझं नाव आलं. सकाळी पुन्हा धर्मेश. असं अकरा वेळा. मधे कोणीतरी नाव विकत मागितलं, तर पानावरून परस्पर, धर्मेशच्याच बोलीत, उत्तर गेलं: "न्हाय इकायचा." वहिनीने ते वाचलं आणि डोक्यावर पदर घेतला.

बाजाराकडे तक्रार केली. उत्तर आलं: "मालकांशी बोलणं झालं. नोंद बरोबर आहे म्हणतात."

४. कृतिका, वॉलेटचे गुप्त शब्द बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. नाव स्वतःकडे घेतलंस की त्याच दिवशी बाजाराची नोंद बदल. माझं नाव प्रेमापोटीसुद्धा ठेवू नकोस.

५. एवढी घाई कशाला, असं सुगंधा विचारते. ते पान नेहमी काळाच्या मागे असायचं. काल उघडलं, तर धर्मेश नव्हता, मीही नव्हतो. मालक: कृतिका भूपेश गावंड. हस्तांतर: येता गुरुवार. मी कोणाला काही पाठवलेलं नाही.

रिफ्रेश दाबलं. हस्तांतराचा वार बुधवार झाला.

आता दाबत नाही.

दोघांच्या देखत सही केली.

(सही) भूपेश बाबुराव गावंड

साक्षीदार:
१. मृणालिनी भोईर, मुर्धा (सही)
२. वाल्मिक साळवे, भाईंदर पश्चिम (सही)

स्थळ: राई
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५